आतड्याच्या सुजेवर पूरक उपचार: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या रुग्णांसाठी

आतड्याची दुर्बीण झाली, बायोप्सीचा रिपोर्ट आला आणि फाइलवर ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ किंवा ‘क्रोन्स डिसीज’ असं लिहून मिळालं, की आठवड्याभरात घरी सल्ले पोचायला लागतात. सोसायटीतल्या काकू गुळवेलीचा काढा सांगतात. डोंबिवलीची मावशी फोनवर म्हणते, “अगं, आमच्या भाऊजींना वैद्यांच्या पर्पटीने गुण आला, तू उगाच त्या गोळ्यांच्या नादी लागू नकोस.” ऑफिसातलं कुणी कोरफडीच्या रसाची बाटलीच आणून टेबलावर ठेवतं. नाही म्हणायचं जिवावर येतं, आणि खरं सांगायचं तर नाही म्हणावंसंही वाटत नसतं. गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या आहेत हे नुकतंच कानावर पडलेलं असतं, त्यामुळे ‘मुळापासून बरं करतो’ हे शब्द फार गोड लागतात.

मी या आजाराची जुनी रुग्ण आहे, डॉक्टर नाही. पूरक उपचारांशी माझं वाकडं नाही. त्यातले काही मी रोज करते. आग्रह एवढाच, की जे कराल ते पोटाच्या डॉक्टरांना सांगून करा, आणि गुण आला की नाही हे नुसतं ‘बरं वाटतंय’वर न ठरवता रिपोर्टवर ठरवा.

पायरी १: आधी आपला आजार नीट ओळखा

‘आतड्याला सूज’ एवढ्यावर थांबू नका. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात असतो आणि गुदाशयापासून वर चढतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो, त्यामुळे त्यात आतडं अरुंद होण्याची किंवा भगंदराची शक्यता असते. आयबीएस हा तिसराच प्रकार. त्यात पोट बिघडतं पण आतड्याला जखमा नसतात. ओळखीच्या कुणाला आयबीएसमध्ये एखाद्या चूर्णाने बरं वाटलं असेल, तर ते चूर्ण तुमच्या कामाचं आहे असं अजिबात नाही. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो: आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीत सारखे दिसू शकतात, म्हणून डॉक्टर कधीकधी आधी टीबीची औषधं देऊन पाहतात. आणि रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, असं धरून महिनोन् महिने मलम लावत बसलेले लोकही पुष्कळ.

डॉक्टरांना हे विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: आजार कोणता, आतड्याच्या कुठल्या भागात, आतडं कुठे अरुंद झालंय का, आणि सध्या आजार भडकलेला आहे की शांत. पुढचं सगळं याच्यावर अवलंबून आहे.

पायरी २: चालू औषध बंद करायचं नाही

बरं वाटायला लागलं की पहिली सुटते ती मेसालामाइनची, म्हणजे आतड्याची सूज उतरवणारी रोजची गोळी. अमेरिकेत २००३ साली अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत असलेल्या ९९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की गोळ्या नियमित न घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून जास्त होता. स्टेरॉइडचं तर त्याहून वेगळं आहे. प्रेडनिसोलोन काही आठवडे घेतल्यावर एकदम सोडलं तर शरीराची स्वतःची यंत्रणा लगेच उभी राहत नाही. रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टर सांगतील तसं हळूहळूच उतरवायचं.

त्यामुळे साधी खूण लक्षात ठेवा. ‘आधी तुमची अॅलोपॅथी बंद करा, मग माझं औषध सुरू करू’ असं कुणी म्हटलं, तर फी बुडाली तरी चालेल, तिथून उठा.

पायरी ३: सुरुवातीचे आकडे हातात ठेवा

कुठलाही काढा, कॅप्सूल, योगवर्ग सुरू करण्याआधी या तपासण्या झालेल्या हव्यात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (रक्तातून सुजेचा अंदाज), यकृताची तपासणी आणि शौचाची फीकल कॅलप्रोटेक्टिन. वजनही लिहा. यकृताचे आकडे विशेष महत्त्वाचे, कारण अॅझाथायोप्रिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी आपली नेहमीची औषधंही यकृतावर ताण आणू शकतात. सुरुवातीचा आकडा नसला, तर पुढे बिघडलं ते गोळीने की काढ्याने, हे कुणालाच सांगता येत नाही.

कॅलप्रोटेक्टिन म्हणजे आतड्यात किती सूज आहे याचा शौचातून मिळणारा अंदाज. लक्षणं नसताना आकडा १५०च्या (मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम) खाली असेल, तर सूज आटोक्यात असण्याची शक्यता चांगली. दर वेळी त्याच लॅबमध्ये करा. पद्धत बदलली की आकडेही बदलतात. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं घेतली असतील तर आकडा उगाच चढू शकतो. तशीही ही वेदनाशामकं या आजारात मेडिकलवाल्याला विचारून परस्पर घ्यायची नसतात.

सोबत एक छोटी वही ठेवा. दिवसातून किती वेळा जावं लागलं, रक्त, आव, मुरडा, रात्री उठावं लागलं का, आणि काय नवीन खाल्लं-प्यायलं. एवढंच.

पायरी ४: स्वयंपाकघरातले आणि बाटलीतले उपाय

*हळद.* इथे खरोखर काहीतरी आहे, म्हणून जरा सविस्तर. जपानमध्ये २००६ साली अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत असलेल्या ८९ रुग्णांवर अभ्यास झाला. नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला रोज २ ग्रॅम करक्युमिन (हळदीतलं मुख्य द्रव्य) घेणाऱ्यांमध्ये सहा महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं. त्यानंतर २०१५ साली आजार सौम्य ते मध्यम भडकलेल्या रुग्णांना मेसालामाइनसोबत ३ ग्रॅम देऊन चांगला परिणाम दिसला. पण दिल्लीच्या एम्सने रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, त्याचा निष्कर्ष २०१७ साली आला: खोट्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा फरक नाही. म्हणजे मात्रेला महत्त्व आहे, आणि हे सगळं गोळ्यांच्या जोडीला आहे, गोळ्यांऐवजी नाही.

आता डब्यातली हळद. तिच्यात करक्युमिन साधारण ३ टक्के. दोन ग्रॅम मिळवायचं तर रोज साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल, म्हणजे वीसेक चमचे. रात्रीच्या हळद-दुधाने आतड्याची सूज उतरत नाही. उलट ज्यांना दूध सोसत नाही त्यांचं पोट त्या दुधानेच गडगडतं आणि दोष हळदीला लागतो. भाजी-आमटीतली हळद बिनधास्त खा. कॅप्सूल घ्यायची असेल तर विचारून घ्या. हळदीच्या सप्लिमेंटने, त्यातही काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या, यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखी सावध.

*इसबगोल.* स्पेनमध्ये १९९९ साली १०५ रुग्णांवर वर्षभर झालेल्या अभ्यासात, शांत असलेला अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत ठेवण्यात इसबगोलाचं बी मेसालामाइनच्या जवळपास आलं होतं. स्वस्त, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं. पण आतडं अरुंद झालेलं असेल तर इसबगोल फुगून तिथेच अडकू शकतं, आणि आजार भडकलेला असताना गॅसने जीव नकोसा होतो. पहिल्या पायरीतला तो प्रश्न यासाठीच.

*ताक, दही, प्रोबायोटिक.* घरचं ताजं ताक सोसत असेल तर जरूर प्या, पण ते जेवण आहे, औषध नाही. भारतातल्या रुग्णांवर २००९ साली झालेल्या अभ्यासात, सौम्य ते मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये व्हीएसएल#३ या प्रोबायोटिक मिश्रणाचा उपयोग दिसला. मात्र त्यात दिवसाला काही लाख कोटी जिवाणू दिले होते. नेहमीच्या कॅप्सूलमध्ये काही अब्ज असतात. म्हणजे ‘प्रोबायोटिक’ एवढं वाचून पैसे देऊ नका, आत कोणते जिवाणू आणि किती, ते पाहा. क्रोन्समध्ये प्रोबायोटिकचा ठोस फायदा दिसलेला नाही. आजार जोरात असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर जिवंत जिवाणू विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत.

*गव्हांकुर.* सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारून आलात की बाहेर रसवाला भेटतोच: हिरवागार गव्हांकुर, कारलं, दुधी, आवळा. इस्रायलमध्ये २००२ साली २३ रुग्णांना महिनाभर रोज १०० मिलिलिटर गव्हांकुराचा रस किंवा तसाच दिसणारा खोटा रस दिला, आणि खऱ्या रसाच्या गटात रक्त पडणं कमी झालं. अभ्यास छोटा, पण आशादायक. माझी तक्रार गव्हांकुराबद्दल नाही, ग्लासाबद्दल आहे. एकाच बादलीत विसळलेले स्टीलचे ग्लास, कुठल्या पाण्याचा कोण जाणे तो बर्फ, आणि आदल्या रात्री भिजवलेलं फडकं. अॅझाथायोप्रिन किंवा इन्फ्लिक्सिमॅब (हेही प्रतिकारशक्ती दाबणारं) घेणाऱ्या माणसाला साधा जंतुसंसर्गही महागात पडतो, आणि मग आजार उलटला की जुलाब लागले हेच कळत नाही. प्यायचाच असेल तर घरी कुंडीत उगवा, धुऊन काढा, उकळून गार केलेल्या पाण्यात वाटा. आणि पहिले काही दिवस सुट्टीच्या सकाळी घ्या. आपल्या लोकलमध्ये शौचालय नसतं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून वाशीला जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

*कोरफड.* लंडनमधल्या २००४ सालच्या अभ्यासात ४४ रुग्णांना पानातल्या गराचा रस देऊन थोडा फायदा दिसला, पण दुर्बिणीत फारसा फरक नव्हता. घरी पान कापलंत तर सालीखाली पिवळा चीक निथळतो. तो जुलाब करणारा आहे. आधीच दिवसातून आठ वेळा जाणाऱ्याने तो पोटात घालणं म्हणजे आगीत तेल.

*गुळवेल.* माझं मत स्पष्ट आहे: आपण यापासून लांब राहावं. कोविडच्या काळात काढ्यांचा जोर असताना मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. वाद चालू राहील. आपला आजार मुळात प्रतिकारशक्तीच अंगावर उलटल्याचा आहे, आणि ती ‘वाढवणारं’ काही आपल्याला नकोच आहे.

बाकीचं थोडक्यात. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचा क्रोन्स शांत ठेवण्यात उपयोग नाही, हे २००८ सालच्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं; बांगडा-सुरमई सोसत असेल तर चवीने खा. शल्लकी (आयुर्वेदातला एक डिंक) क्रोन्स शांत ठेवण्यात खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. इंटरनेटवरून मागवली जाणारी ‘चिंग दाय’ ही चिनी निळी पूड कोलायटिसमध्ये काम करते, पण तिने फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढल्याची उदाहरणं जपानमध्ये सापडली आहेत, म्हणून परस्पर मागवू नका. होमिओपॅथीचा या आजारात सूज उतरवण्याचा भरवशाचा पुरावा नाही.

आणि उपवास. श्रावणात साबुदाणा खिचडी नुसती सोसते बऱ्याच जणांना, पण आतडं अरुंद असेल तर दाण्याचा कूट अगदी बारीक हवा किंवा नकोच. निर्जळी एकादशी आजार भडकलेला असताना करू नये. देव रागावत नाही, किडनी रागावते.

पायरी ५: वैद्यांकडे जायचं असेल तर

आयुर्वेदात रक्तातिसार (रक्ताचे जुलाब) आणि ग्रहणी (पचन बिघडून वारंवार जुलाब) यांचा विचार फार जुना आहे. कुडा, बेल, नागरमोथा ही द्रव्यं त्यातलीच. जायला हरकत नाही, पण बीएएमएस पदवी आणि महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहून जा. नेरुळच्या डी. वाय. पाटील आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी केसपेपर राहतो, कुठलं औषध कधी दिलं याची नोंद राहते. ही नोंद तुमच्या पोटाच्या डॉक्टरांना लागते.

वैद्यांना पूर्ण फाइल दाखवा आणि प्रत्येक औषधाचं नाव लिहून मागा. मग घरी चष्मा लावून लेबल वाचा.

समजा डबीवर ‘पंचामृत पर्पटी’ लिहिलंय. ग्रहणीवरचं हे नावाजलेलं औषध. घटकांमध्ये गंधक, लोह, अभ्रक, ताम्र, आणि त्यांच्यासोबत पारद. पारद म्हणजे पारा. बाजूला बारीक अक्षरांत ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना असते; विषारी द्रव्यांच्या सरकारी यादीतलं काही आत असेल तर ती छापावीच लागते. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांच्या तपासणीत, २००४ साली ७० पैकी १४ उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. ‘शुद्ध केलेला पारा बाधत नाही’ असं तुम्हाला सांगितलं जाईल. रक्तस्राव होत असलेल्या, जखमा असलेल्या आतड्यावर हा प्रयोग मी करणार नाही, आणि तुम्हालाही करा म्हणणार नाही. वनस्पतींचीच औषधं द्या, असं वैद्यांना सरळ सांगता येतं. चांगले वैद्य ऐकतात.

दुसरी बाटली: कुटजारिष्ट. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, त्याची टक्केवारी लेबलवर दिलेली असते. क्रोन्सच्या भगंदरासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल तर ही बाटली बाजूला ठेवायची. दोन्ही एकत्र आली तर उलट्या, धडधड, तोंड लाल होणं असे प्रकार होऊ शकतात.

पिच्छाबस्तीची (औषधी एनिमाची) शिफारस बऱ्याचदा होते. बस्ती, विरेचन (जुलाब देणं) असलं काहीही आजार जोरात असताना करायचं नाही, कारण सुजलेलं आतडं फाटू शकतं. शांत असतानाही आधी पोटाच्या डॉक्टरांची परवानगी घ्या.

आणि बिनलेबलच्या पुड्या. कुणी कागदात बांधून पांढरी-तपकिरी पूड दिली, तीन दिवसांत जादू झाल्यासारखं रक्त थांबलं, भूक खवळली, चेहरा गुबगुबीत झाला, तर आनंदाआधी शंका घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीला आले आहेत. अशी पुडी घेत असाल तर एकदम बंदही करू नका. ती घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पायरी ६: योग आणि मन

सगळ्या पूरक उपचारांत कमीत कमी जोखमीचा हा, आणि नेमका हाच लोक शेवटी करतात. जर्मनीत २०१७ साली ७७ रुग्णांच्या अभ्यासात, आठवड्याला दीड तास असा बारा आठवडे योग करणाऱ्यांचं रोजचं जगणं सुधारलं. एम्सच्या २०१५ सालच्या अभ्यासात कोलायटिसच्या रुग्णांची सांधेदुखी आणि चिंता कमी झाली. सूज उतरवण्याचं काम योगावर सोपवू नका, पण लोकलमध्ये मुरडा आला की हातपाय गार पडतात ना, त्यावर सावकाश श्वासाचा सराव नक्की उपयोगी पडतो.

ठाण्यात नौपाड्यातल्या घंटाळी मित्र मंडळाचं योगातलं काम सगळ्यांना माहीत आहे. वर्ग कुठलाही निवडा, पहिल्या दिवशी शिक्षकांना बाजूला घेऊन आजार सांगा. आजार भडकलेला असताना, पोटाचं ऑपरेशन झालेलं असताना किंवा स्टोमा (पोटावर शौचासाठी काढलेलं तोंड) असताना कपालभाती, अग्निसार, नौली या पोटाला झटके देणाऱ्या क्रिया करायच्या नाहीत. शंखप्रक्षालनाचं (मिठाचं पाणी पिऊन आतडं धुण्याचं) तर नावच नको.

मनाचं ओझं मोठं असतं या आजारात. लग्नकार्याला जायचं टाळलं जातं, बसच्या प्रवासाआधी रात्रभर झोप लागत नाही. कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपी या समुपदेशनाच्या पद्धतीने ही भीती कमी व्हायला मदत होते. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था १९९०पासून आहे. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे ‘आजार मनाचा आहे’ हे कबूल करणं नव्हे. कुणी तसं म्हटलं तर दुर्बिणीतले फोटो दाखवा.

पायरी ७: एका वेळी एकच

उत्साहात लोक सोमवारी हळद, बुधवारी प्रोबायोटिक आणि शनिवारी वैद्यांचा काढा सुरू करतात. मग गुण आला तरी कशाने आणि अंगावर पुरळ उठलं तरी कशाने, काही कळत नाही. एक निवडा, डॉक्टरांना दाखवा, सुरू केल्याची तारीख वहीत लिहा. पोटात घ्यायचं काही असेल तर महिन्याभराने यकृताची तपासणी करा. आठ ते बारा आठवड्यांनी कॅलप्रोटेक्टिन आणि सीआरपी पुन्हा. आकडे सुधारले किंवा निदान बिघडले नाहीत आणि तुम्हालाही बरं वाटतंय, तर चालू ठेवा. बरं वाटतंय पण कॅलप्रोटेक्टिन चढलंय, तर आत सूज वाढतेय असं धरून डॉक्टरांना लगेच भेटा. आकडे जागच्या जागी आणि महिन्याला दोन हजार रुपये जाताहेत, तर बंद करा.

डॉक्टर ओरडतील म्हणून लपवायचं नाही. काही जण ओरडतात, खरं आहे. ओपीडीत त्यांच्याकडे वेळ कमी असतो, म्हणून तोंडी सांगत बसण्यापेक्षा सगळ्या डब्या-बाटल्यांच्या लेबलचे फोटो मोबाइलमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तो समोर धरा. गरोदरपणाचा विचार असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर आधी विचारल्याशिवाय एक चमचाही नाही.

पायरी ८: सगळं बाजूला ठेवून कधी निघायचं

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप, नाडी नव्वदच्या वर किंवा उभं राहिल्यावर चक्कर. पोट फुगून टणक झालं आणि वायूही सरत नाही. उलट्या थांबत नाहीत. डोळे किंवा लघवी पिवळी गडद झाली. यातलं काहीही झालं तर काढा, इसबगोल, ताक सगळं थांबवा आणि कॅज्युअल्टी गाठा. आपल्या डॉक्टरांचं रुग्णालय लांब असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय, जे जवळ असेल ते. फाइल आणि औषधांची पिशवी सोबत न्या, पुड्या आणि बाटल्यांसकट. स्टेरॉइड चालू असेल किंवा नुकतंच बंद केलं असेल, तर ते तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.